‘घबाड’ पंचांगात आहे, पंचनाम्यात नाही

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. ‘लाचखोर अभियंत्याच्या घरझडतीत घबाड’ या मथळ्याची बातमी आपण इंग्रजीत आणत होता आणि ‘घबाड’साठी आपण ‘गैरमार्गाने मिळवलेली संपत्ती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द योजला. त्याच आठवड्यात आपल्या आजीने पंचांग पाहून ‘उद्या सकाळी घबाड आहे, गाडीचे पैसे तेव्हाच भर’ असे सांगितले आणि आपण गोंधळलात. हे दोन वेगळे शब्द आहेत की एकच, एकच असेल तर तो पापाच्या पैशापर्यंत कसा पोहोचला, आणि आपले भाषांतर बरोबर की चूक, असे आपण विचारले आहे.

शब्द एकच आहे. मात्र आपल्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत, ते सुटे केल्याशिवाय उत्तर नीट लागणार नाही. शब्द कोठून आला हा एक, आणि त्यातला वाईटपणा शब्दाच्या पोटात आहे की वाक्यातल्या शेजाऱ्यांकडून आला आहे हा दुसरा. मी गेली सत्तावीस वर्षे न्यायालयीन आणि प्रशासकीय कागदपत्रांचे मराठी-इंग्रजी भाषांतर करतो, आणि त्यात माझ्या हातून झालेल्या चुका बहुतेक दुसऱ्या प्रश्नाच्या वाटेवरच्या आहेत.

आधी पंचांगाकडे पाहू. आपल्या आजींचे पंचांग उघडल्यास तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण यांच्या स्तंभांच्या उजवीकडे बारीक टाइपात त्या दिवसाची टिपणे असतात. तेथे एखाद्या दिवशी ‘घबाड’ हा शब्द, पुढे वेळ आणि वेळेपुढे ‘प.’ किंवा ‘नं.’ असे अक्षर दिसेल, म्हणजे अमुक वाजेपर्यंत किंवा अमुक वाजल्यानंतर. हा एक मुहूर्त आहे. सूर्य ज्या नक्षत्रात असेल तेथून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येशी तिथी धरून गुणाकार-भागाकाराचे एक छोटे गणित करायचे आणि ठरलेली बाकी उरली की ती वेळ घबाडाची. या वेळी आरंभलेला व्यवहार लाभाचा ठरतो अशी समजूत आहे. ती खरी की खोटी याच्याशी येथे आपल्याला कर्तव्य नाही. पंचांगातले घबाड ही वस्तू नसून वेळ आहे आणि त्या वेळेत पापाचा लवलेशही नाही, इतके ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

वेळेचे नाव त्या वेळेत पदरी पडणाऱ्या गोष्टीला लागणे ही मराठीत रुळलेली वाट आहे. ‘पर्वणी’ पाहा. पर्वणी म्हणजे स्नानदानाचा पुण्यकाळ, आणि आज ‘रसिकांना पर्वणी’ म्हणताना आपल्या मनात कुंभमेळा नसतो, चांगली मैफल असते. ‘कपिलाषष्ठीचा योग’ही तसाच. भाद्रपद वद्य षष्ठीला वार, नक्षत्र आणि इतर काही गोष्टी एकदम जुळून याव्या लागतात, म्हणून तो दुर्मीळ, आणि आपण मात्र तो शब्दप्रयोग धाकट्या भावाने स्वतःहून फोन केला तरी वापरतो. घबाडाचे तेच झाले. शुभ वेळ, मग त्या वेळी झालेला मोठा लाभ, मग वेळेचे भान सुटून नुसता मोठा, अचानक, एकरकमी लाभ. फरक इतकाच की पर्वणी कलेच्या आणि सोहळ्याच्या अंगाने गेली, तर घबाड पैशाच्या अंगाने गेले. ‘साडेसाती’ म्हणताना शनी अजूनही आठवतो. ‘घबाड’ म्हणताना पंचांग आठवत नाही, त्यामुळे आपला गोंधळ साहजिक आहे.

या शब्दाच्या दोन सुचवल्या जाणाऱ्या व्युत्पत्तींबद्दल येथेच लिहितो, कारण त्या आपल्याही वाचनात येतील. एक त्याला ‘गबन’शी जोडते. गबन हा मुळात अरबी शब्द आहे आणि खरेदी-विक्रीतली फसवणूक असा त्याचा अर्थ आहे. हिंदीत तो सरकारी पैशाच्या अपहारासाठी चालतो. अर्थ जवळचा वाटतो म्हणून मोह होतो, पण ‘ग’चा ‘घ’ का झाला आणि शेवटच्या ‘न’च्या जागी ‘ड’ कोठून आला, याचे उत्तर ती देत नाही. दुसरी ‘गबाळ’शी जोडते. जप्तीत बोचकी सापडतात, बोचके म्हणजे गबाळ, असा तो तर्क. पण मूळ अर्थ बोचके असता तर पंचांगकर्त्यांनी सकाळच्या एका मुहूर्ताला बोचके का म्हटले असते? व्युत्पत्ती तपासताना मी नेहमी हाच प्रश्न विचारतो : सुचवलेल्या मुळापासून शब्दाचे सगळे ज्ञात अर्थ निघतात का, की फक्त आपल्याला हवा असलेला एकच निघतो? शुभ वेळेपासून लाभाकडे जाता येते. बोचक्यापासून किंवा फसवणुकीपासून शुभ वेळेकडे जाता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. मोठा, अचानक लाभ इथपर्यंत शब्द निर्दोष आहे. लॉटरी लागलेल्याला घबाड मिळते, जुन्या वाड्याचा पाया खणताना नाण्यांचा हंडा लागला तरी ते घबाडच. मात्र या सगळ्या घबाडांत एक गोष्ट समान आहे : त्यांच्यामागे कष्ट नाहीत. पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेल्या शिक्षिकेला भविष्यनिर्वाह निधीची रक्कम एकदम मिळाली, तर ती रक्कम कितीही मोठी असो, तिच्या घरातले कोणी ‘आईला घबाड मिळाले’ असे म्हणणार नाही, आणि शेजाऱ्याने म्हटलेच तर त्या माउलीला ते लागेल. मला वाटते, शब्द घसरला तो याच जागी. जे कष्टाविना आले ते हक्काचे नसावे, आणि जे हक्काचे नाही ते गैर असावे, या दोन पायऱ्या बोलणाऱ्याचे मन इतक्या सहज उतरते की आपण उतरलो हे त्याला कळतही नाही. शब्दाने मात्र त्यातली पहिलीच पायरी उतरलेली असते.

याचा पुरावा चोरीच्या बातम्यांत मिळतो. ‘बंद बंगला फोडला, चोरट्यांच्या हाती घबाड’ या मथळ्यातले घबाड म्हणजे गावाला गेलेल्या एखाद्या सरळमार्गी कुटुंबाचे दागिने. ती संपत्ती गैरमार्गाने मिळवलेली नाही, उलट ती गैरमार्गाला आत्ता लागली आहे. येथे आपला इंग्रजी शब्द घातला तर ज्याच्या घरी चोरी झाली तोच भ्रष्ट ठरेल.

आता हाच चष्मा लावून आपला मथळा पुन्हा वाचा. ‘घरझडतीत घबाड’ यामागचे पूर्ण वाक्य ‘पथकाला घबाड सापडले’ किंवा ‘पथकाच्या हाती घबाड लागले’ असे आहे. व्याकरणाच्या दृष्टीने नशीब फळले ते पथकाचे. चोरट्यांच्या मथळ्यात चोरटे ज्या जागी आहेत, त्याच जागी येथे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे अधिकारी उभे आहेत : शोधत होते, आणि अपेक्षेपेक्षा जास्त हाती लागले. पण असे मथळे इतक्या वेळा छापले गेले की वाचकाच्या मनात घबाड पथकाच्या हातून सुटून अभियंत्याच्या कपाटात जाऊन बसले. ‘त्याला घबाड मिळाले’ आणि ‘त्याच्याकडे घबाड सापडले’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. ‘-ला’ आणि ‘मिळणे’ आले की नशीब त्याचे. ‘-कडे’ आणि ‘सापडणे’ आले की लपवलेले होते, हा आरोप आलाच, आणि तो आरोप नामाने केलेला नसून प्रत्ययाने आणि क्रियापदाने केलेला आहे. मराठी वाचकाला हे सांगावे लागत नाही. भाषांतरकाराला मात्र तो आरोप नेमका कोठे बसला आहे हे माहीत असावे लागते.

माझी स्वतःची चूक येथे सांगणे योग्य होईल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका याचिकेला जोडलेल्या वृत्तपत्रीय कात्रणाचे भाषांतर माझ्याकडे आले. मथळ्यात घबाड होते, मजकुरात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेली नोटांची बंडले आणि काही तोळे सोने होते. मी मथळ्यात बिनदिक्कत आपण योजलात तोच इंग्रजी शब्द योजला. सुनावणीत विरुद्ध बाजूच्या वकिलांनी मूळ कात्रण हातात धरून विचारले, ‘यात गैरमार्ग कोठे लिहिला आहे ते भाषांतरकारांनी दाखवावे.’ मला दाखवता आले नाही. त्या सोन्यापैकी काही पत्नीचे स्त्रीधन असल्याचे प्रतिज्ञापत्र आधीच दाखल होते, म्हणजे मी एका शब्दाने तो वाद परस्पर निकालात काढून टाकला होता. भाषांतर दुरुस्त करून द्यावे लागले. त्या दिवसापासून मी अशा जागी फक्त ‘मोठा ऐवज’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरतो आणि आरोप क्रियापदावर सोडतो.

पंचनाम्यात हा शब्द कधीच का येत नाही, हे त्यानंतर माझ्या नीट ध्यानात आले. ज्या घरझडतीची बातमी ‘घबाड’ म्हणून छापून येते, तिचा पंचनामा वाचल्यास त्यात ‘रोख रक्कम, ५०० रुपये दराच्या अमुक नोटा’, ‘पिवळ्या धातूचे दागिने, अंदाजे वजन अमुक ग्रॅम’ अशी मोजदाद असते. सोने दिसले तरी पंच ‘सोने’ लिहीत नाहीत, ‘पिवळ्या धातूचे’ लिहितात, कारण ते सोनेच आहे हे सराफाने तपासून सांगायचे असते. जी लेखणी पिवळ्या धातूला सोने म्हणायला धजत नाही, ती घबाड कशी लिहील? जप्त केलेल्या वस्तूंना तेथे ‘मुद्देमाल’ म्हणतात. त्यातला ‘मुद्दा’ अरबीतला असून ज्यावर दावा केला आहे ते, असा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे मुद्देमाल या शब्दातही दोष सिद्ध झालेला नाही, फक्त वाद लागलेला आहे.

आपल्याला खरोखर गैरमार्गाच्या संपत्तीसाठी मराठी शब्द हवा असेल, तर कोण बोलत आहे यावर तो ठरतो. कायद्याच्या अंगाने लिहिणारा ‘अपसंपदा’ म्हणेल. हा घडवलेला शब्द आहे आणि निवाडा त्याच्या उपसर्गातच आहे, जसा तो ‘अपकीर्ती’ आणि ‘अपमृत्यू’ यांत आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मध्ये लोकसेवकाच्या ज्ञात उत्पन्नस्रोतांशी विसंगत मालमत्तेची जी तरतूद आहे, तिच्यासाठी तो रूढ झाला. ही तरतूद आधी कलम १३(१)(ई) मध्ये होती, २०१८ च्या दुरुस्तीनंतर ती कलम १३(१)(ब) मध्ये आहे.

अपसंपदा आणि घबाड यांतले अंतर मोजपट्टीचे आहे. अपसंपदेसाठी आधी एक परीक्षण कालावधी ठरवतात. त्याच्या आरंभी किती मालमत्ता होती, मधल्या काळात किती उत्पन्न आले, किती खर्च झाला आणि शेवटी किती मालमत्ता उरली, याचा हिशेब मांडतात, आणि जास्तीची मालमत्ता कोठून आली याचा समाधानकारक खुलासा लोकसेवकाला देता येतो का हे पाहतात. खुलाशात बहुधा शेतीचे उत्पन्न, स्त्रीधन आणि सासरच्या भेटी असतात. तफावत उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आत असल्यास ती विसंगत धरू नये, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने कृष्णानंद अग्निहोत्री प्रकरणात घेतली. घबाडाला असली टक्केवारी नाही. पाच हजारांची लाच घेताना सापळ्यात सापडलेल्या माणसाच्या हातातल्या नोटांना कोणी घबाड म्हणत नाही, कारण ती रक्कम लहान आहे, जरी तिच्यातला गैरपणा त्या माणसाच्या बोटांवर अक्षरशः गुलाबी रंगाने उमटलेला असतो. (सापळ्यासाठी नोटांना आधीच लावलेली फिनॉल्फ्थॅलिनची पूड बोटांना लागते आणि बोटे सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवली की गुलाबी होते.) त्यानंतर त्याच्या घराची झडती होते आणि तेथे भरपूर सापडले की ते घबाड. म्हणजे गैरपणा जेथे डोळ्यांना दिसतो तेथे शब्द येत नाही आणि जेथे तो अजून सिद्ध व्हायचा आहे तेथे येतो. शब्द आकाराकडे पाहतो, शीलाकडे नाही. आपल्या भाषांतराविरुद्धचा माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

संतापून बोलणारा ‘हरामाचा पैसा’ किंवा ‘पापाचा पैसा’ म्हणेल. येथे निवाडा उघड आहे, लपवाछपवी नाही. हराम म्हणजे निषिद्ध, आणि त्याच अरबी धातूपासून पवित्र, म्हणून प्रवेशाला मर्यादा असलेल्या जागेचेही नाव बनते. चहाच्या टपरीवर मात्र ‘मलिदा लाटला’ किंवा ‘माया जमवली’ असे ऐकू येईल, आणि हे दोन शब्द मला घबाडापेक्षाही अधिक गमतीचे वाटतात.

मलिदा हा फारसीतला, चोळणे-मळणे या क्रियेवरून आलेला शब्द आहे. पोळी किंवा भाकरी कुस्करून तूप आणि गूळ किंवा साखर घालून केलेला तो गोड पदार्थ, दर्ग्याच्या नैवेद्याचा. कोकणातल्या बेने इस्रायली समाजात, ज्यांची घरची भाषा मराठी होती आणि ज्यांतले बहुसंख्य पुढे इस्रायलला गेले, मलिदा हा एलिया प्रेषिताच्या स्मरणाचा विधी आहे : ताटात ओले पोहे, खोबरे, साखर आणि फळे मांडून प्रार्थना म्हणतात. त्या घरातल्या माणसाला ‘मंत्र्याने मलिदा खाल्ला’ हे वाक्य किती विचित्र वाटत असेल याचा विचार करावा. ताटातली वस्तू पवित्र, ती भलत्याने लाटली की भ्रष्टाचार. शब्द बदलला नाही, खाणारा बदलला.

मायेचे तर विचारूच नये. वेदान्तात ती भ्रम आहे, आईच्या ठिकाणी जिव्हाळा आहे, आणि शिंप्याकडे गेलात तर शिवणीच्या आत सोडलेले जास्तीचे कापड आहे. ‘बाजूला माया ठेवा, पोरगी वाढती आहे,’ असे माझी आई शिंप्याला सांगत असे. उलटे करून पाहिल्याशिवाय ती माया दिसत नाही आणि पुढे अंगाला कमी पडले की उसवून कामी येते. ‘साहेबांनी बक्कळ माया जमवली’ हे वाक्य ऐकले की मला कधी वेदान्त आठवत नाही, परकराच्या आतली ती दोन बोटे पट्टी आठवते. ही व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, कोणी तशी उचलू नये.

एवढ्या चर्चेतून आपल्या कामापुरते घ्यायचे ते असे : घबाडाचे मूळ शुभ मुहूर्तात, त्याचा गाभा अनपेक्षित आणि विनासायास मोठ्या लाभात, आणि गैरपणा वाक्याच्या बाकीच्या भागात. म्हणून ‘लाचखोर अभियंत्याच्या घरझडतीत घबाड’ याच्या भाषांतरात ‘लाचखोर’ हा शब्द आपले काम करत आहेच, त्याला तसेच करू द्यावे आणि घबाडासाठी ‘मोठे हाती लागणे’ या अर्थाचा बोलका, थोडा पत्रकारी इंग्रजी शब्द घ्यावा, जो मासेमारीत आणि चोरीतही चालतो. बातमी निकालानंतरची असेल आणि मजकुरात दोषसिद्धी स्पष्ट असेल, तर आपला मूळ शब्दही खपून जाईल. अग्रलेख असेल तर तोच शब्द कदाचित अधिक चांगला, कारण अग्रलेखकाला निवाडा करायचाच असतो. न्यायालयात दाखल करायचे भाषांतर असेल तर मात्र तो अजिबात नको.

आजींच्या वाक्याबद्दलही आपण विचारले आहे. ‘उद्या सकाळी घबाड आहे’ यातल्या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द शोधत बसू नये. ‘घबाड’ तसेच ठेवून पुढे ‘पंचांगातली लाभाची वेळ’ एवढा खुलासा जोडावा. आणि गाडीचे पैसे भरल्यावर त्या ‘घबाड साधले’ असे म्हणाल्या, तर त्यातले ‘साधणे’ नीट ऐकावे. वेळ साधतात, संधी साधतात. त्या क्रियापदात शब्दाचा जुना अर्थ अजून जिवंत आहे, आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत मला तो गेल्या सत्तावीस वर्षांत एकदाही भेटलेला नाही.